टेरिटोरियल आर्मी: जागा १९, बायकांसाठी १. ही खरंच "सगळ्यांची" फौज आहे का?

रेवती_ज

मंडळी, टेरिटोरियल आर्मीच्या (म्हणजे प्रादेशिक सेना, लष्कराचं राखीव दल, पुढे टीए लिहिते) ऑफिसर भरतीची २०२५ ची जाहिरात कुणी नीट वाचली होती का? एकूण जागा १९. पुरुष १८, महिला १. टायपो असेल म्हणून मी परत वाचली, नव्हता.

मी ज्युनियर कॉलेजात शिकवते, एनसीसी केलेल्या जुन्या विद्यार्थिनींचे फोन येतात की मॅडम आता लग्न झालं, पोरगं झालं, रेग्युलर फौजेचं वय गेलं, अजून काही होऊ शकतं का, आणि मी दरवेळी टीएचंच नाव सांगते कारण इथे वय ४२ पर्यंत चालतं, लग्न झालेलं चालतं आणि नोकरीधंदा सोडावा लागत नाही, वर्षातून काही आठवडे ट्रेनिंग आणि बोलावलं की हजर. म्हणजे रचना बघाल तर संसारी बाईला याहून सोयीची फौज नाही. आणि जागा एक.

कुणी "हौशी लोकांची पलटण" म्हणणार असेल तर आधीच सांगते, मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सरकारने टीएच्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना टीएला बोलवायचे अधिकार दिले, ३२ इन्फन्ट्री बटालियनपैकी १४ तैनात करायला मंजुरी होती. खेळ नाहीये हा.

मला फक्त बायकांबद्दल बोलायचं नाही. जात, प्रांत, धर्म, गरिबी, सगळ्याच बाबतीत टीएत कोण आत येतं आणि कोण दारातच राहतं यावर लिहा. "आपली सेना महान" आणि "सगळं थोतांड" हे दोन प्रतिसाद मी मनातल्या मनात वाचलेत असं समजा.

शंकासुर

मग आता उरलं काय लिहायला :)

टीकाराम

ताई, एक जागा आहे ना? मिळवा मेरिटवर. गोळी येताना बाई की बुवा बघत नाही. फौज ही फौज आहे, तिथे कोट्याची खिरापत वाटायला लागलात तर रेल्वेसारखं होईल.

ॲड_मुक्ता

टीकाराम, तुमचाच मुद्दा घेऊ. मेरिट म्हणता ना, मग १८ आणि १ अशी वाटणी परीक्षेच्या आधीच केल्यावर बायकांत दुसरी आलेली मुलगी पुरुषांतल्या सतराव्यापेक्षा सरस असली तरी बाहेरच. कोटा आहेच इथे, तुम्ही ज्या बाजूला समजताय त्याच्या उलट्या बाजूला आहे.

थोडं कायद्याचं सांगते. टीएचा कायदा १९४८ चा. त्यातलं कलम ६ म्हणतं की भारताची नागरिक असलेली कुठलीही व्यक्ती भरतीसाठी पुढे येऊ शकते. त्यात पुरुष वगैरे काही नाही. तरी सरकार वर्षानुवर्षं जाहिरातीत पुरुषच मागायचं. मग कुश कालरा या वकिलाने दिल्ली हायकोर्टात जनहित याचिका टाकली आणि ५ जानेवारी २०१८ ला गीता मित्तल आणि सी. हरिशंकर यांच्या बेंचने निकाल दिला की या कलमात बायकाही आल्या, त्यांना बाहेर ठेवायला कायद्यात आधार नाही. म्हणजे दार सत्तर वर्षं उघडंच होतं, सरकारने बाहेर खुर्ची टाकून माणूस बसवला होता.

त्यानंतर २०१९ पासून बायका ऑफिसर म्हणून आल्या पण कुठे, तर इकॉलॉजिकल टास्क फोर्स (झाडं लावणाऱ्या इको बटालियन), तेल कंपन्यांच्या युनिट्स आणि रेल्वे इंजिनियर रेजिमेंट. फेब्रुवारी २०२३ मध्ये अजून एक पाऊल, एलओसीवरच्या इंजिनियर रेजिमेंटमध्ये आणि टीएच्या ग्रुप हेडक्वार्टर आणि दिल्लीच्या डायरेक्टोरेटमध्ये स्टाफ ऑफिसर म्हणून पोस्टिंगला मंजुरी. बरं आहे. पण टीएचा कणा इन्फन्ट्री बटालियन, तिचं नाव त्या यादीत नाही. आणि शिपाई भरतीचे मेळावे होतात तिथे अजून पोरांनाच बोलावतात. २०२५ च्या शेवटी काही बटालियनमध्ये बायकांची केडर आणायचा विचार चालू असल्याच्या बातम्या आल्या होत्या, बघू.

टीकाराम

१८-१ चं मान्य, ते चुकीचं आहे, एकच लिस्ट लावा. पण मग शारीरिक निकष पण एकच लावा.

ॲड_मुक्ता

कामाप्रमाणे निकष लावा, माझी काहीच हरकत नाही. पाइपलाइनच्या युनिटमधल्या इंजिनियर बाईला आणि काश्मीरच्या शोपियानमध्ये घेराबंदीला जाणाऱ्या जवानाला एकच पट्टी कशाला?

सुभेदार_काका

रेवतीताई, नमस्कार. मी टीएतून सुभेदार म्हणून रिटायर झालो, पलटणीचं नाव लिहीत नाही.

तुमच्या पोरी कॅम्पला बघायला पाहिजेत. वार्षिक कॅम्पला जमलेली आमची प्लाटून म्हणजे काय विचारू नका, एक एसटीत कंडक्टर, एक वायरमन, दोघंतिघं गुऱ्हाळावर काम करणारे, एक बी.एड. झालेला, एक धनगराचं पोर जे पावसाळ्यात मेंढरं सोडून यायचं, एकजण झेरॉक्सच्या दुकानवाला. रेग्युलरमध्ये पोरगं अठराव्या वर्षी येतं आणि पलटण त्याला घडवते, सगळी एका साच्यातली. टीएत माणूस आधीच घडून आलेला असतो. त्याला गावातलं राजकारण माहीत, सोसायटीचं कर्ज माहीत. पूर आला की त्या वायरमनची किंमत कळते, साहेबाने ऑर्डर द्यायच्या आधी त्याने जनरेटर उघडलेला असतो. मला विचाराल तर टीएची खरी श्रीमंती ही आहे पण कुठल्याही पोस्टरवर ती नसते, पोस्टरवर टीएचा मानद ऑफिसर धोनी असतो.

जातीचं विचारलंत. खोटं बोलणार नाही, आडनाव विचारतात, गाव विचारतात, त्यावरून अंदाज बांधतात. पण लंगरात ताट एकत्र, बॅरेकीत चारपाई नंबराने. कॅम्प संपवून गावी गेलं की तीच दोन पोरं वेगवेगळ्या वाडीत जातात आणि एकमेकांच्या लग्नाला जेवायला बसतील की नाही सांगता येत नाही. दोन महिन्यात एवढंच होतं.

आणि खरी जात सांगू का? रेग्युलर आणि टीए. "अरे वो टीएवाला है." ते जे ऐकायला लागतं ना. एम्बॉडी केलं, म्हणजे सेवेत बोलावून घेतलं, की पगार तोच, गोळी तीच, डिसएम्बॉडी केलं की घरी जा, पुन्हा कधी बोलावणार माहीत नाही. जवानाला पेन्शनला एम्बॉडीड सर्व्हिस १५ वर्षं भरावी लागते, ऑफिसरला २०. माझ्याबरोबरची कितीतरी पोरं थोडक्यासाठी राहिली. त्यांना कोण सामावून घेणार?

रेवती_ज

काका, हे मला माहीत नव्हतं. मी मुलींना "नोकरी सोडावी लागत नाही" एवढंच सांगत होते, दुसऱ्या बाजूला एवढी अनिश्चितता आहे हे पण सांगायला हवं.

ॲड_मुक्ता

काकांच्या मुद्द्यावर एक निकाल सांगण्यासारखा आहे. पाणी राम. रेग्युलर इन्फन्ट्रीत जवळजवळ पंचवीस वर्षं काढून २००७ मध्ये कुमाऊंच्या १३० इको बटालियनमध्ये टीएत भरती झाले. २००९ मध्ये सुट्टीवर निघाले असताना अपघात, उजवा पाय कापावा लागला. अपंगत्व पेन्शन मागितली तर सरकार म्हणालं तुम्ही इकोवाले, भरतीच्या वेळी तुम्ही सही करून दिलीय की जादा पेन्शन मिळणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे फेटाळलं, म्हटलं की टीएचा माणूसही लष्कराच्या पेन्शन नियमांच्या कक्षेत येतो, आणि बलाढ्य सरकारसमोर एका साध्या शिपायाने ठिपक्यांच्या ओळीवर केलेल्या सहीचा असा उपयोग करता येणार नाही. निकाल लिहिणारे आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई, जे पुढे सरन्यायाधीश झाले.

हा निकाल डायव्हर्सिटीच्या यादीत कुणी धरत नाही. मी धरते.

सुभेदार_काका

पाणी रामचं आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. सही तर आम्ही पण केली होती, वाचून कोण करतंय भरतीच्या रांगेत.

भुसावळ_जंक्शन

थोडा इतिहास टाकतो कारण टीए १९४९ ला आकाशातून पडली नाही. (९ ऑक्टोबर १९४९ ला गव्हर्नर जनरल राजाजींनी उद्घाटन केलं, म्हणून ९ ऑक्टोबर टीए डे.)

इंग्रजांनी १९२० मध्ये एकाच वर्षी दोन कायदे केले. एक ऑक्झिलियरी फोर्स, ती गोऱ्यांची आणि अँग्लो-इंडियन लोकांची. दुसरी इंडियन टेरिटोरियल फोर्स, ती आपल्या लोकांची. दोन्ही राखीव दलंच, पण चामडीच्या रंगावरून दोन खाती. आमच्या रेल्वे कॉलनीतल्या जुन्या लोकांना अजून माहीत असतं, जीआयपी रेल्वेची (आजची मध्य रेल्वे) स्वतःची रेजिमेंट होती ऑक्झिलियरीची, गोरे आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर गार्ड फोरमन त्यात. त्याच इंजिनवर कोळसा टाकणारा खलाशी मात्र त्यात नाही. बरं ती वापरायची कशाला, तर संप झाला दंगा झाला की रेल्वे सांभाळायला. म्हणजे संप करणारा हिंदी कामगार आणि बंदूक घेऊन उभा राहणारा त्याचाच अँग्लो-इंडियन सहकारी. हा भेदभाव इतका उघड होता की मध्यवर्ती कायदेमंडळात आरडाओरडा होऊन सरकारला कमिटी नेमावी लागली.

म्हणून १९४८ च्या कायद्यात "नागरिक असलेली कुठलीही व्यक्ती" आलं त्याला ही पार्श्वभूमी आहे असं माझं मत. लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तेव्हा बायका असतील असं वाटत नाही, रंग नक्की असणार.

निळाई

@भुसावळ_जंक्शन छान लिहिलंत, पण हिंदी लोकांच्या खात्यातसुद्धा सगळे हिंदी नव्हते हे राहिलं.

१८९२ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, लढाऊ जमातीचा सिद्धांत काढून. त्याआधी मुंबई इलाख्याच्या सैन्यात पिढ्यान् पिढ्या महार होते. गोपाळबाबा वलंगकर स्वतः पेन्शनर सैनिक, त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. मग शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातून अर्ज केले, सासवडच्या सभेतून. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरो वैद्य मरो. मग बाबासाहेबांनी लावून धरलं आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली.

हे इथे का लिहितेय, तर आज टीएमध्ये बेळगावला ११५ इन्फन्ट्री बटालियन आहे, ती महारची. आणि संभाजीनगरला १३६ इको बटालियन, तीही महारची, मराठवाड्याच्या उजाड माळावर झाडं लावते. ज्या समाजाला "लढाऊ नाही" म्हणून घरी पाठवलं त्याच्या नावाच्या पलटणीत आज सगळ्या जातीची पोरं आहेत. माझ्या मामांच्या घरात महार रेजिमेंटचं चिन्ह देवघराच्या वर लावलेलं असायचं, आणि आज त्याच रेजिमेंटमध्ये मराठा, बंगाली, कुणीही असतो. एखाद्या जातीचं नाव ठेवून दार सगळ्यांना उघडं ठेवणं, हे मला फार आवडतं. नाव पुसून टाका म्हणणारे लोक आहेत, मी त्यातली नाही.

टीकाराम

पण निळाईताई, मुळात जातीच्या, प्रांताच्या नावाने पलटणी ठेवायच्या आणि वर विविधता म्हणायचं हे विसंगत नाही का? टीएत तर अजूनच, कोल्हापूरची १०९ आणि पुण्याची १०१ मराठा लाईट, म्हणजे आपलीच पोरं आपल्याच भागात.

निळाई

विसंगती आहेच, नाही कुठे म्हटलं. पण रेग्युलर फौजेचा तर्क टीएला जसाच्या तसा लावू नका, प्रादेशिक हा शब्द उगाच नाहीये त्यात. पुरात, दंगलीत, भूकंपात स्थानिक बोली येणारा माणूस लागतो.

सुभेदार_काका

अगदी. आणि काश्मीर घ्या. तिथल्या टीएच्या होम अँड हार्थ बटालियन, जॅक रायफल्स (जम्मू-काश्मीर रायफल्स) आणि जॅकलायच्या (जम्मू-काश्मीर लाईट इन्फन्ट्री). त्यात तिथलीच पोरं. १६२ नंबरच्या बटालियनचा लान्स नायक नझीर अहमद वाणी, कुलगामचा. आधी दहशतवादी गटात, मग इख्वान (शरण येऊन सरकारच्या बाजूने लढणारे) झाला, २००४ मध्ये टीएत आला, दोनदा सेना मेडल. २५ नोव्हेंबर २०१८ ला शोपियानच्या चकमकीत ३४ राष्ट्रीय रायफल्सबरोबर असताना गेला. २०१९ च्या प्रजासत्ताक दिनाला त्याच्या बायकोने आणि आईने अशोक चक्र घेतलं. टीएचा माणूस, काश्मिरी मुसलमान, एकेकाळी पलीकडच्या बाजूचा. समावेश म्हणजे काय हे कुणाला विचारायचं असेल तर ह्याच्याकडे बघा, बाकी पॉवरपॉइंट.

ॲड_मुक्ता

काका, वाणींबद्दल दुमत नाही. पण इख्वानांवर काश्मिरी लोकांचे खंडणी, बेपत्ता करणं, खून असे गंभीर आरोप होते आणि बहुतेकांची कधी चौकशी झाली नाही, हेही त्याच गोष्टीत आहे. त्यातल्या माणसांना वर्दी देताना शिस्त लागली हे चांगलं झालं, पण ज्या घरांनी सोसलं त्यांना "सामावून घेतलं" हे कसं ऐकू येत असेल? दोन्ही बाजू धरून बोलू.

सुभेदार_काका

मुक्ताताई, मी तिथे राहिलोय. तुमचं म्हणणं खोडत नाही.

वसईकर

एक नाजूक मुद्दा काढतो, भांडू नका. थर्ड कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटमधला ख्रिश्चन लेफ्टनंट, शीख स्क्वॉड्रनबरोबर मंदिर-गुरुद्वारा परेडला जायचा पण गाभाऱ्यात जायला नकार दिला म्हणून २०२१ मध्ये बडतर्फ. मे २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने बडतर्फी कायम केली, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानेही. तो रेग्युलरचा होता, टीएचा नाही, माहीत आहे. पण टीएत चाळिशीचा माणूस येतो, त्याच्या श्रद्धा पक्क्या झालेल्या असतात, वर्षातले दहा महिने तो आमच्या चर्चच्या कमिटीवर असतो. त्याला हे जास्त जड जाणार. आमच्याकडे वसईत पोरांना फौजेत जायची आवड कमी आहे त्याला अशा बातम्या मदत करत नाहीत.

सुभेदार_काका

साहेब, पलटणीत ऑफिसरचा धर्म म्हणजे त्याच्या जवानांचा धर्म, असं आम्हाला शिकवलं. आमचे एक सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब मुसलमान होते, गणपतीची आरती सगळ्यात खड्या आवाजात त्यांची. हे झालं माझं. पण सर्वधर्म स्थळात चारी धर्मांचं एका छताखाली असतं ना, तिथे हात जोडून उभा राहिला की माझ्या हिशेबाने काम झालं. आत ओढायची गरज मला नाही वाटत. कोर्ट मोठं आहे.

टीकाराम

इथे मी कोर्टाच्या बाजूने. टीम लीडर दारात थांबला की टीम पण दारात थांबते.

वसईकर

तुमचे सीओ साहेब मनापासून गात होते काका, म्हणून तर तुमच्या लक्षात राहिलं. हुकुमाने गायले असते तर?

लीड्सकर

इंग्लंडमधून. माझा मुलगा इथल्या आर्मी रिझर्व्हमध्ये आहे (२०१४ पर्यंत त्यालाही टेरिटोरियल आर्मीच म्हणायचे). इथे समलिंगी लोकांवरची बंदी २००० साली उठली, बायकांना इन्फन्ट्रीसकट सगळ्या जागा २०१८ मध्ये उघडल्या, आणि मार्च २०२४ मध्ये दाढीला परवानगी दिली, सगळ्यांना, शिखांना आधीपासून होतीच. दाढीवर म्हणे इतकी चर्चा झाली जेवढी टँकवर होत नाही. पण एक सांगतो, त्यांची पोरं कमी पडतायत, भरती होत नाही, म्हणून दारं उघडली जातात, नैतिकता नंतर येते. भारतात उलट आहे, एका जागेला हजार पोरं, मग दार कोण कशाला उघडेल? तिकडे कोर्टच लागणार.

शंकासुर

पहिल्यांदाच लीड्सकरांशी सहमत, तारीख लिहून ठेवतो. भरतीच्या मेळाव्यात स्टेडियमबाहेर फुटपाथवर झोपलेली पोरं बघितलीत ना, त्यांना समावेशावर धागा वाचायला द्या.

रेवती_ज

सगळ्यांचे आभार, बरंच नवीन कळलं. आता ज्यावरून माझं डोकं फिरलंय ते लिहिते. ऑफिसर भरतीला अट आहे, उमेदवार "कमावता" हवा, नोकरी किंवा स्वतःचा धंदा, उत्पन्न दाखवा. कल्पना चांगली आहे, टीए हे पोटापाण्याचं साधन नाही, जोडीला स्वतःचं काहीतरी हवं. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी, एनसीसीचं सी सर्टिफिकेट, पदवीधर, लातूरकडे दिलीय. सासरची शेती तीच बघते. पेरणी, मजूर, सोयाबीन बाजार समितीत नेणं, हिशेब, सगळं. नवरा पुण्यात कंपनीत. सातबारा सासऱ्यांच्या नावावर. कागदावर ती गृहिणी, उत्पन्न शून्य. म्हणजे ती एक जागा सुद्धा तिच्यासाठी नाही, ती शहरातल्या पगारदार बाईसाठी आहे. वर आक्षेपही घेता येत नाही कारण अट सगळ्यांना सारखीच आहे!

ॲड_मुक्ता

हेच. अट सारखी, पण सातबारे सारखे नाहीत. सरळ भेदभाव कोर्टात दाखवता येतो, हा दाखवायला जड जातो.

निळाई

लक्ष्मीमुक्ती योजना आहे की आपल्याकडे, नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं.

रेवती_ज

नवऱ्याच्याच नावावर नाहीये ना अजून, सासरे हयात आहेत.

सुभेदार_काका

ताई, भाड्याने जमीन कसणारे करतात तसं सासऱ्यांकडून तिच्या नावावर लेखी करार करून घ्या, माल विकला की पावती तिच्या नावाची, पैसे तिच्या खात्यात, आणि दोनेक वर्षं रिटर्न भरायला लावा, शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दाखवता येतं. भरतीचा बोर्ड मानेलच असं नाही सांगत, पण हातात कागद असलेला बरा. वय काय तिचं?

रेवती_ज

३३.

सुभेदार_काका

मग वेळ आहे. पळायला लावा आत्तापासून. आणि सासऱ्यांशी बोलायला कुणी नसेल तर मला मेसेज करा, लातूरकडे आमच्या पलटणीतली दोन पोरं आहेत, म्हातारी माणसं फौजीचं ऐकतात.